चिंध्यांचा फळा

यंदा कडुलिंब होळीआधीच फुलला. सकाळी ओट्यावर बसलं की त्याचा कडूगोड वास येतो आणि त्याच्या मागनं टँकरचा हॉर्न. वस्तीत नळ येऊन काही वर्षं झाली, पण नळ आला म्हणजे पाणी आलं असं या शहरात कुणी शहाणा माणूस समजत नाही. सध्या तोटी सोडली की ती आधी खोकते, मग नुसती हवा सोडते. निळे ड्रम पुन्हा दारापुढं आलेत. टँकर पुढं सरकला की धुळीत एक ओली रेघ मागं राहते. त्या रेघेवर मधमाश्या येऊन बसतात, ओळीनं, गडबड न करता. माणसांना ते कधी जमलं नाही.

ती रेघ बघितली की मला तो उन्हाळा आठवतो. आमच्या वस्तीत ‘तो उन्हाळा’ म्हटलं की ‘कोणता’ असं कुणी विचारत नाही. धरण तळाला गेलं होतं. बोअर घेतलं तर पाण्याऐवजी फुफाटा वर यायचा. शहराबाहेरचा सातारा डोंगर दुपारी भट्टीतनं काढलेल्या विटेसारखा दिसायचा आणि त्याच्या अंगावर एक हिरवा ठिपका शोधायचा म्हटलं तर डोळे दुखायचे.

वस्ती तेव्हा शहराच्या काठावर होती, आता पोटात आहे. जिथं बारा मजले उभे आहेत तिथं मी ज्वारीची धसकटं पाहिलेली आहेत. शेतात चुन्याच्या रेघा मारून गुंठा-गुंठा विकलेली ही जागा. गल्ल्या पाच. पहिली रस्त्याला लागून, ती माझी. पाचवी पार नाल्याकडं. टँकरला आत वळायला जागा नव्हती, तो रस्त्यावरच थांबायचा. त्यामुळं पाणी पहिल्या गल्लीपाशी सुरू व्हायचं आणि पाचवीच्या बाया हंडे घेऊन पोचेपर्यंत पाइपातनं थेंब गळायला लागायचे. पाचवीला वाट एकच होती, टँकर कधी येणार हे आधी कळलं पाहिजे.

कळण्यासाठी फोनवर एक ग्रुप होता. त्याचा मालक वस्तीतलाच एक पुढारी. त्याला कुणी उलटा सवाल केला की तो माणूस ग्रुपमधनं बाहेर. मला दोनदा काढलं, दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा काढल्यावर मी निरोप धाडला, आता घेऊ नको, मी येणार नाय. आणि माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर काळ्या रंगाचा चौकोन मारला. खडूनं लिहिलं, ‘टँकरची खबर इथं मिळेल.’ माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही सोयगावकडच्या एका गावात, मारुतीच्या पारावर. पण अक्षर बघा माझं. गुलमंडीत कापडाच्या दुकानात अडतीस वर्षं उभा होतो, मालाच्या गाठींवरची अक्षरं मीच काढायचो.

त्या दुकानाची मला अजून स्वप्नं पडतात. खळीचा वास, पोपलीनचा थंडपणा, आणि कापड फाडल्याचा तो टर्र आवाज. कापड कात्रीनं कापलं तर वाकडं जातं. कडेला छोटी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी फाडायचं, धागा आपला सरळ रस्ता शोधतो. निवृत्त झालो तेव्हा शेठनं चिंध्यांचं एक पोतं दिलं होतं, गाद्यांना उपयोगी पडतील म्हणून. त्या गाद्यांना लागल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात वस्तीला लागल्या.

झालं असं की माझं बघून दुसऱ्या गल्लीनंही फळा केला, मग तिसरीनं, मग सगळ्यांनीच. प्रत्येकाकडं वेगळी खबर. दुसऱ्या गल्लीत एक रिटायर ड्रायव्हर, त्याला टँकरवाले ओळखायचे. चौथीत देवस्थानाच्या टँकरची खबर यायची. मग बाया दिवसभर या फळ्यापासून त्या फळ्याकडं. डोक्यावर पदर, पायात चटके, आणि तोंडात एकच, “हाय का काय नवं?” नवं काही नसायचं. तरी पुन्हा तासानं येऊन बघायच्या. मला ते बघवेना. मी भिंतीत खिळ्यांची एक ओळ ठोकली आणि सांगितलं, ज्याला या फळ्याची खबर पाहिजे त्यानं आपली चिंधी इथं बांधून जायची. पहिल्या गल्लीची पिवळी, दुसरीची निळी, पाचवीची पोपटी. चिंधीवर घर नंबर. नवं काही लिहिलं की फळेवाल्यानं स्वतः त्या त्या दारी जाऊन आवाज द्यायचा. तुम्ही घरी बसा, खबर तुमच्याकडं चालत येईल.

गावाकडं दवंडी असायची. तिला काही मी नावं ठेवत नाही, पण ती सगळ्यांच्या कानात शिरते, हवी असो नसो. चिंधीचं तसं नव्हतं. ज्यानं बांधली त्यालाच. नको झालं तर सोडून न्यायची, कुणाला विचारायचं कारण नाही.

हे मी आज सांगतोय त्याला कारण माझी सून, अश्विनी. ती पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, आणि ते संपलं की तीन मैत्रिणींबरोबर आपलं एक वेगळं काम करत बसते. कूलरपुढं टेबल, टेबलावर कागद, कागदावर चौकोन आणि बाण. गेल्या महिन्यात मी विचारलं, हे काय चाललंय.

“प्रोटोकॉल, मामा.”

“म्हंजे?”

“म्हणजे रीत. यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याची रीत. आता बघा, सगळ्या जगाचं बोलणं दोन-तीन कंपन्यांच्या घरात भरलंय. त्यांनी दार लावलं की आपलं बोलणं आत आणि आपण बाहेर.”

“ग्रुपमधनं काढतात तसं.”

“तसंच! आम्हाला असं करायचंय की ज्याचं लिहिणं त्याच्याच घरी राहील. नेटवर ज्याचं त्याचं छोटं घर. दुसऱ्या कुणाला ते वाचायचं असेल तर त्यानं तिथं आपलं नाव देऊन ठेवायचं. नवं लिहिलं की त्याच्याकडं निरोप आपोआप जाणार. सारखं जाऊन बघायला नको.”

मी म्हणालो, “हे तर चिंध्यांचं झालं.”

तिनं ती गोष्ट ऐकली होती, आमच्या घरात ती कुणाला चुकलेली नाही. पण त्या दिवशी तिनं पेन उघडलं आणि खोदून खोदून विचारायला लागली. कुणी दुसऱ्याच्याच नावानं चिंधी बांधली तर? मी म्हणालो, बांधली होती की. एकानं खोडी म्हणून गल्लीतल्या एका फौजदारांच्या घराचा नंबर घालून चिंधी बांधली, आणि मी भर दुपारी त्यांची झोपमोड केली. शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून नवी चिंधी दिसली की आधी त्या घरी जाऊन विचारायचं, “तुमचीच का? पाहिजे का?” व्हय म्हणाले तरच धरायची. अश्विनी हसायला लागली. म्हणाली, हेच आम्ही दोन आठवडे भांडून ठरवलं.

मग म्हणाली, घर सोडून गेलेल्यांच्या चिंध्या? मी म्हणालो, उन्हाला कामाला लावलं होतं. रंग उडाला की चिंधी उतरवायची. ज्याला अजून पाहिजे तो नवी बांधील. ती म्हणाली, “मामा, तुम्ही कुठं शिकलात हे?” मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. नंतर चार दिवस मी ओट्यावर जरा ताठच बसत होतो.

पण गोष्टीतली एक ओळ मी कधीच कुणाला सांगितली नव्हती.

फळ्याच्या खालचा अर्धा भाग मी लोकांसाठी सोडला होता. खडूचा तुकडा सुतळीला बांधलेला. मी वर लिहायचं, खाली ज्याला जे म्हणायचं ते त्यानं लिहायचं. ‘काल ड्रम भरले नाहीत.’ ‘पाइप फाटका होता.’ ‘तात्या, आजचा टँकर गढूळ.’ कुणी कुणाच्या लग्नाची तारीख लिहायचं, कुणी नुसताच श्रीराम. संध्याकाळी लोक पाणी नसलं तरी ते वाचायला यायचे. उन्हं उतरताना भिंत गरम असायची आणि तिला टेकून माणसं बोलत बसायची. कोरड्या दिवसांतली ती ओल होती, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटायचं, ही सगळी माझ्या भिंतीची करामत.

पाचव्या गल्लीत शमीम आपा राहायच्या, अजून राहतात. ब्लाउज शिवतात. हात असा की गुलमंडीतल्या बाया त्यांचा पत्ता विचारत येतात, आणि जीभ अशी की शिलाई कमी करा म्हणायला कुणी धजत नाही. मला म्हणायच्या, “तात्या, तुम्ही फळा काय लावला, तहसीलदारच झाले की.” मी म्हणायचो, “मग अर्ज करा.” त्या म्हणायच्या, “हौ, करते ना, तुमच्या सुटीच्या दिवशी.” आमचं असं चालायचं.

एक दिवस वॉर्ड ऑफिसातल्या ओळखीच्या माणसानं मला मुद्दाम बोलावून सांगितलं, उद्या सकाळी टँकर साडेआठला. मी मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पाची गल्ल्या फिरून आलो. छत्री घेऊन, नवा सदरा घालून. दुपारी झोपून उठलो आणि बाहेर येऊन बघतो तर माझ्या ओळीखाली वाकड्या अक्षरात लिहिलेलं, ‘साडेआठ नाही सहा. डायवर बोलला. शमीम.’

आपा मुलीकडं खुलताबादला निघाल्या होत्या. वाटेत त्यांना ड्रायव्हर भेटला, त्यानं खरी वेळ सांगितली. बस चुकेल म्हणून त्या परत गल्लीत गेल्या नाहीत. भिंतीवर लिहिलं आणि गेल्या. त्यांनी भिंतीवर भरवसा टाकला.

मी ती ओळ बघत उभा राहिलो. माझ्या भिंतीवर, माझ्या अक्षराखाली, माझ्याच बोलण्याला खोटं पाडणारी ओळ. मला वॉर्डाच्या माणसानं सांगितलेलं, हिला ड्रायव्हरनं. चार माणसांनी वाचलं तर काय म्हणतील? मी घरात गेलो, फडकं ओलं केलं आणि पुसलं. ज्या दिवसांत आम्ही भांडी राखेनं घासत होतो त्या दिवसांत मी ती ओळ पुसायला घोटभर पाणी घातलं.

टँकर सहाला आला.

हॉर्न ऐकून पहिली, दुसरी गल्ली धावली. पाचवीच्या बाया निवांत होत्या, त्यांना मी साडेआठ सांगितलं होतं. त्या पोचल्या तेव्हा ड्रायव्हर पाइप गुंडाळत होता. मी सकाळीच पाचव्या गल्लीत गेलो होतो, बघायला. सहा दारांत सहा बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या. एका घरात बाळंतीण होती. कुणी मला काही बोललं नाही. त्यांना वाटलं, तात्याला तरी काय माहीत, त्याला वॉर्डानंच चुकीचं सांगितलं. एकीनं उलट मलाच पाणी विचारलं, “घोटभर घ्या, चालून आलात.” पुढचा टँकर चार दिवसांनी होता.

दुसऱ्या दिवशी आपा आल्या. बसमधनं उतरून सरळ भिंतीपाशी. फळा बघितला, माझ्याकडं बघितलं.

“तात्या, मेरा लिखा हुआ किधर गया?”

“वाऱ्यानं गेलं असंल.”

“हवा तुमचं लिहिलेलं सोडून माझंच घेऊन गेली?”

त्यांनी खिळ्यावरची आपली पोपटी चिंधी सोडली, बोटांवर सरळ केली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. कापडाशी आयुष्य काढलेली बाई, चिंधीलासुद्धा चुरगाळत नव्हती. आठवड्याभरात खिळ्यांवर पोपटी रंग उरला नाही. मी वस्तीत सांगितलं, उन्हानं उडाला. पाऊस पडेपर्यंत फळा चालला, पुढच्या वर्षीही कुणी तो भिंतीवरनं काढून टाकला नाही, पण संध्याकाळी भिंतीला टेकून बसणारी माणसं हळूहळू कमी झाली ती झालीच.

गेल्या आठवड्यात एका दुपारी अश्विनी टेबलावर डोकं धरून बसली होती. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा सावली सोडत नव्हता. मी माठातलं पाणी दिलं.

“अडलंय, मामा. सोमवारी रीत पक्की करायची आणि एका गोष्टीवर चौघींचं जमत नाहीये.”

“कशावर?”

“समजा मी काहीतरी लिहिलं आणि त्याखाली कुणी उत्तर दिलं. ते उत्तर कुणाचं? मला पुसता यावं का? दोघी म्हणतात, घर तुझं, भिंत तुझी, पुसायचा हक्क तुझा. नाहीतर लोक येऊन शिव्या लिहून जातील. मलाही ते पटतंय.” मग हसून म्हणाली, “तुमच्या फळ्यावर काय रीत होती? तुम्ही म्हणाल ते घालते. तुमचं आतापर्यंत सगळं बरोबर निघालंय.”

कूलरमधलं वाळ्याचं गवत वाळून नुसता गरम वारा येत होता. मनात आलं, म्हणून टाकावं, भिंत ज्याची हक्क त्याचा. खोटंही नव्हतं ते. तिनं लिहून घेतलं असतं. तात्याची रीत म्हणून कुठल्या कुठल्या देशात गेली असती, आणि जिथं जिथं गेली असती तिथं तिथं कुणीतरी फडकं ओलं केलं असतं.

“मी पुसलं होतं,” मी म्हणालो.

“काय?”

मग सांगितलं. बस, ड्रायव्हर, वाकडी ओळ, फडकं, वारा. सांगताना तिच्याकडं बघितलं नाही, माठाकडं बघत होतो. संपल्यावर म्हणाली, “आणि आपांना माहितीय?”

“त्यांना तेव्हाच कळलं होतं. मी सांगितलं नाय इतकंच.”

बराच वेळ ती कागदावर बाण काढत राहिली. मग म्हणाली, “मामा, असं केलं तर? उत्तर लिहिणाऱ्याच्या घरी राहील. तुमच्या भिंतीवर ते दिसावं की नको हे तुम्ही ठरवा, शिव्या असतील तर नका दाखवू. पण तिथं एक खूण राहील, ‘याला एक उत्तर आहे, अमक्याच्या घरी.’ ज्याला बघायचंय तो तिथं जाऊन बघेल. ती खूण तुम्हाला पुसता येणार नाही.”

“आणि ज्यांनी माझ्या खिळ्याला चिंधी बांधलीय त्यांना?”

“त्यांच्याकडं उत्तर पाठवायचं का, हे यंत्र तुम्हाला विचारेल. तेवढं तुमच्या हातात.”

मला तो शेवटचा भाग आवडला नाही. माझ्या हातात काही ठेवू नकोस, असं म्हणणार होतो. पण मग माणसाला करायला उरतं काय? म्हणालो, घाल.

सोमवारी त्यांची रीत पक्की झाली. बघायला म्हणून अश्विनीनं वस्तीतल्या तीस-बत्तीस घरांच्या फोनवर त्या रीतीचं ॲप टाकलं, माझ्याही. कुणाला कुणाचं वाचायचंय ते विचारून विचारून, दारोदार. पाचव्या गल्लीतही ती जाऊन आली. म्हणाली, शमीम आपांनी तुमचं नाव निवडलं. मी विचारलं, काही म्हणाल्या? “म्हणाल्या, बघू तहसीलदार आता काय लिहितो.”

सरळ पाचव्या गल्लीत जाऊन सांगावं, असं माझ्या मनात होतं. दोनदा चप्पल घातली. पाय उठेनात. या वयात वाकायला कमरेला त्रास होतो, लोक समजतात तो एकाच कारणानं होतो. शेवटी ओट्यावर बसून फोनवर एका बोटानं लिहिलं. कागदावर माझं अक्षर मोत्यासारखं, पण या फोनमध्ये सगळ्यांचं सारखंच येतं, त्याला इलाज नाही.

‘त्या उन्हाळ्यात पाचव्या गल्लीतली सहा घरं माझ्यामुळं कोरडी राहिली. शमीम आपांनी फळ्यावर खरी वेळ लिहिली होती. ती ओळ मी पुसली आणि वाऱ्यानं गेली असं सांगितलं. ते खोटं होतं.’

पाठवलं. अर्धा तास काही नाही. कडुलिंबाची फुलं अंगणात पडत होती, मी ती मोजल्यासारखं करत होतो. मग फोन थरथरला. आपांचं उत्तर होतं.

‘सहा नाही सात घरं. सातवं माझं. मी गावाला होते म्हणून तुम्ही धरलं नाही. परत आले तर माझा पण ड्रम कोरडाच होता.’

पहिल्यांदा रागच आला. एवढं लिहिलं, सगळ्या वस्तीपुढं लिहिलं, तरी हिचं आहेच, माझ्या ओळीखाली आपली ओळ. बोट आपोआप पुसायची जागा शोधायला लागलं. ती नव्हती. मग डोळे मिटून मी ती गल्ली मनात पुन्हा चाललो. एक दार, दुसरं दार, हंडा घेऊन उभी एकेक बाई. सहा. आणि त्याच्या पुढं, नाल्याच्या कडेला, एक दार कुलूप लावलेलं. त्याच्यापुढं मी थांबलोच नव्हतो.

फोन विचारत होता, ‘हे उत्तर तुमच्या वाचकांकडं पाठवायचं?’

मी ‘हो’ दाबलं आणि ऐकत बसलो. आधी शेजारच्या घरात टिंग झालं, मग समोरच्या, मग दुसऱ्या गल्लीत कुठंतरी, मग त्याच्याही पलीकडं, नाल्याच्या बाजूला.